विश्लेषण : वजनकाट्यावर वर्ग उभा करून मुले सुदृढ होतील?

मुलांचा लठ्ठपणा शाळेनेच रोखावा, असे आता सरकारपासून डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणू लागले आहेत. पुण्यातल्या एका शाळेने हा प्रयोग पाच वर्षे करून पाहिला होता. त्याचे उत्तर अनेकांना आवडणार नाही. पण किहीमसारख्या गावातल्या शाळेला त्यातून बरेच घेता येईल.

मराठी शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचा रकाना वर्षानुवर्षे आहे. तो भरला जातो, खाली पालकांची सही होते आणि पुस्तक शाळेत परत जाते. त्या दोन आकड्यांचे पुढे काय करायचे हे शिक्षकाला कुणी सांगितलेले नसते आणि पालकही विचारत नाहीत. आतापर्यंत हा रकाना मूल फार बारीक तर नाही ना, एवढ्याच काळजीचा होता. आता त्याच रकान्याकडे दुसऱ्या बाजूने पाहायची वेळ आली आहे.

आकडे काय सांगतात?

‘लॅन्सेट’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, भारतात ५ ते १९ वयोगटातील लठ्ठ मुलांची संख्या १९९० मध्ये सुमारे चार लाख होती. २०२२ मध्ये ती सव्वा कोटीवर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने जाहीर केले की, जगात या वयाच्या मुलांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या प्रमाणापेक्षा (९.२ टक्के) जास्त झाले आहे.

आपल्याकडचे चित्र मात्र इतके सरळ नाही. केंद्र सरकारच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) १० ते १९ वयाच्या मुलांपैकी २४ टक्के मुले उंचीच्या मानाने बारीक आढळली आणि जादा वजनाची किंवा लठ्ठ पाच टक्के. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात साधारण दहा मुले बारीक आणि दोन जाड. यावर गावातला माणूस म्हणेल, मग कशाला हा शहरी सोस? आधी त्या दहा जणांचे बघा.

पण त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. शाळकरी व किशोरवयीन मुलांपैकी जवळपास दहा टक्के मुलांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावरची निघाली. जाड मुले पाच टक्के आणि साखर चढू लागलेली मुले दहा टक्के! सरळ हिशेब आहे : साखर चढू लागलेली सगळी मुले जाड दिसत नाहीत.

बारीक आहे म्हणजे बरा आहे?

हे कोडे पुण्यातच उलगडले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, स्नायू कमी आणि चरबी पोटात, अशी ही आपली ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात याज्ञिक यांच्या पथकाला ही ठेवण नवजात बाळांतही दिसली. बाळ वजनाने लहान, तरी चरबी राखून असलेले. त्याचे मूळ आईच्या पोषणात आहे.

म्हणून भारतीय मुलांसाठी मोजपट्टीही वेगळी करावी लागली. पुण्यातीलच डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या पुढाकाराने भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वयाचे नवे वाढ-तक्ते आणले. त्यांत जादा वजनाची रेषा प्रौढांच्या बीएमआय २३ शी आणि लठ्ठपणाची २७ शी जुळवलेली आहे; पाश्चात्त्य निकषांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. बीएमआय काढणे सोपे आहे : किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. दीड मीटर उंच आणि ५० किलो वजन, तर ५० भागिले २.२५, म्हणजे २२.२. मात्र हा आकडा बाराव्या वर्षी वेगळे सांगतो आणि सतराव्या वर्षी वेगळे. मुलगा-मुलगी हा फरकही असतो. तक्त्याशिवाय नुसता बीएमआय मुलाच्या माथी मारणे चूक आहे.

घरी करण्यासारखी एक सोपी तपासणी आहे. दोरीने मुलाची उंची घ्या, दोरी दुमडून निम्मी करा. ती निम्मी दोरी कमरेभोवती पुरली पाहिजे. पुरली नाही तर डॉक्टरांना विचारा. हे घरात करायचे, वर्गात चाळीस जणांसमोर नाही. का, ते पुढे येईलच.

पुण्यातल्या शाळेत काय घडले?

शाळेतून वजन आटोक्यात ठेवण्याच्या प्रयोगांत महाराष्ट्रातला सर्वांत चिकाटीचा प्रयोग म्हणजे सिंबायोसिस आणि केईएम यांच्या नावांवरून ‘सिम-केईएम’ म्हणून ओळखला जाणारा अभ्यास. डॉ. शीला भावे आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या एका शाळेतली ७ ते १० वर्षांची मुले घेतली आणि ती १२ ते १५ वर्षांची होईपर्यंत, म्हणजे सलग पाच वर्षे, त्यांच्यासोबत काम केले. तुलनेसाठी नाशिकच्या तशाच शाळेतली मुले होती, शिवाय पुण्याच्या त्याच शाळेतली आधीची मोठी मुलेही.

काय काय केले? शाळेच्या वेळेत आणि वेळेबाहेर खेळाचे तास वाढवले. रोज योगातले श्वसनाचे व्यायाम घेतले. शारीरिक शिक्षणाला गुण दिले, कारण ज्याला गुण नाहीत त्या विषयाला आपल्याकडे कुणी विषय मानत नाही. शाळेतले जेवण सुधारले. दारावरचे चटकमटक विकणारे फेरीवाले हटवले. मुलांना, शिक्षकांना आणि घरच्यांना आहाराचे शिक्षण दिले. यापेक्षा जास्त एखादी शाळा काय करणार?

२०१६ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहूड’ या नियतकालिकात निकाल छापून आला. मुले धावण्यात, लांब उडीत, सिट-अप आणि पुश-अपमध्ये तुलनेच्या मुलांपेक्षा सरस ठरली. ती बसून कमी राहू लागली, जास्त खेळू लागली, फळे अधिक वेळा खाऊ लागली. कमरेचा घेर पुण्यातल्या आधीच्या मुलांपेक्षा कमी निघाला. पण बीएमआय? तो हलला नाही. लठ्ठ मुलांचे प्रमाणही कमी झाले नाही.

हा प्रयोग फसला असे ज्यांना वाटते, त्यांनी आधीचा परिच्छेद पुन्हा वाचावा. चरबी जाऊन स्नायू आला तर काटा तिथेच राहू शकतो. शिवाय शाळेच्या हाती मूल दिवसाचे पाच-सहा तास; उरलेले घर, शिकवणी आणि मोबाइल यांचे. परदेशातही हेच दिसले. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्सच्या ५४ प्राथमिक शाळांत रोज अर्धा तास जादा व्यायाम, पालकांसाठी स्वयंपाकाचे वर्ग, असा मोठा खटाटोप झाला. २०१८ मध्ये ‘बीएमजे’त निकाल आला : बीएमआयमध्ये दखल घ्यावा असा फरक नाही.

माझ्या मते यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. शाळेला ‘वजन घटवा’ असे उद्दिष्ट देणे म्हणजे तिला नापास व्हायला लावणे. दोन वर्षांनी कुणीतरी काटा दाखवील, ‘काही उपयोग नाही’ असा शेरा मारील आणि खेळाचा वाढवलेला तास पुन्हा गणिताला जाईल. शाळेचे उद्दिष्ट दम, ताकद, लवचीकता आणि पाण्याच्या बाटलीत पाणीच असणे, एवढे ठेवावे. ते शाळेच्या हातात आहे आणि ते साधते, हे पुण्याने दाखवले आहे.

जाड मुलांना वेगळे काढले तर?

सिंगापूरने तेच केले. १९९२ मध्ये तिथे ‘ट्रिम अँड फिट’ कार्यक्रम सुरू झाला. जादा वजनाच्या विद्यार्थ्यांना बाकीच्यांपासून वेगळे काढून व्यायाम दिला जाई. आकडे सुधारले; लठ्ठ विद्यार्थ्यांचे प्रमाण १४ टक्क्यांवरून दहाच्या आत आले. पण कार्यक्रमाचे इंग्रजी आद्याक्षर टी-ए-एफ. ते उलटे वाचले की एफ-ए-टी, फॅट. मुलांना हे शोधायला किती वेळ लागला असेल! चिडवाचिडवी, अपमान आणि खाण्याशी बिघडलेले नाते यांच्या तक्रारी वाढत गेल्या. २००७ मध्ये तो कार्यक्रम बंद करून सगळ्याच मुलांसाठीचा आराखडा आणला गेला.

कॅलिफोर्नियात जरा सौम्य मार्ग निवडला होता : बीएमआयचा अहवाल घरी पाठवायचा. ७९ शाळांतल्या सुमारे २९ हजार मुलांवर या पद्धतीची चाचणी झाली. २०२१ मधला निकाल असा, की अहवाल पाठवल्याने वजन कमी झाले नाही. उलट आपल्या शरीराबद्दल मुलांची नाराजी थोडी वाढली.

आपल्या वर्गात तर ‘जाड्या’, ‘ढोल्या’, ‘हडकुळ्या’ ही नावे हजेरीपटावरच्या नावांपेक्षा जास्त वापरात असतात. तिथे ओळीने काट्यावर उभे करून आकडा मोठ्याने वाचला की काय होणार हे सांगायला संशोधन नको. मोजायचे तर एकेकाला, पडद्याआड, आणि आकडा घरच्यांना बंद पाकिटात.

किहीमचा यात काय संबंध?

अलिबागपासून दहा-बारा किलोमीटरवरचे किहीम मुंबईकरांना ठाऊक आहे ते समुद्रकिनारा, सुरूची झाडे आणि बंगले यांमुळे. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट येणे सोपे झाले. शनिवार-रविवारी रस्ता भरतो. गावाचा पैसा शेती-वाडी-मासेमारीकडून बंगल्यांची देखभाल, खोल्या भाड्याने देणे आणि खाण्यापिण्याच्या टपऱ्यांकडे सरकला. यात वाईट काही नाही. घरे त्यावर चालतात. पण पर्यटकासाठी आणलेला माल पर्यटकापुरता राहत नाही. पाच-दहा रुपयांची चकाकती पुडी आणि रंगीत बाटली सोमवारीही दुकानाच्या दारात लटकत असते आणि शाळा सुटलेली असते.

घरात मात्र अजून तांदळाची भाकरी, बांगडा, मांदेली, सुका जवळा, वालाचे बिरडे आहे. थंडीत पोपटी लागते. अलिबागचा पांढरा कांदा आहे, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. प्रथिनांच्या दृष्टीने हे जेवण शहरातल्या कित्येक घरांपेक्षा उजवे. अडचण दोन जेवणांच्या मधल्या वेळेत आहे. २५० मिलिलिटर कोलामध्ये साधारण २६ ग्रॅम साखर असते. दिवसाचे २००० उष्मांक धरले आणि जागतिक आरोग्य संघटनेची पाच टक्क्यांची आदर्श मर्यादा लावली, तर दिवसभराची मुभा २५ ग्रॅमची. एक बाटली आणि खाते संपले; सकाळच्या चहातली साखर अजून मोजलेलीच नाही.

आणि चालणे? ते नाक्यापर्यंतच्या मिनीडोरने आणि घरच्या स्कूटरने खाल्ले. रस्ता गाड्यांनी भरला तसे आईबापही मुलाला सायकलवर सोडायला धजत नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा?

नियम आहेत, मग अडते कुठे?

महाराष्ट्राने मे २०१७ मध्येच शासन निर्णय काढून जास्त मीठ, साखर आणि मेद असलेले पदार्थ शाळांच्या उपाहारगृहांतून बाहेर काढायला सांगितले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये देशभरासाठी नियम केला : असे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावायला सांगितले. ११ ते १८ वयाच्या मुलांच्या उष्मांकांपैकी १५ टक्के साखरेतून येतात, असे त्या परिपत्रकात म्हटले होते.

आता गावातल्या शाळेच्या फाटकापासून ५० मीटर मोजा. बऱ्याच ठिकाणी त्यात एखादे घर येते आणि घराच्या पडवीत दुकान. दुकान बहुधा शाळेतल्याच कुणाच्या तरी आजीचे किंवा काकूचे. तिला नोटीस कोण देणार? मुख्याध्यापक देणार नाहीत, ग्रामसेवक देणार नाही. माझ्या मते द्यायचीही गरज नाही. तिच्याशी बोलावे. शाळेच्या वेळेत पुड्या आत, बाहेर भाजलेले शेंगदाणे, चणे, केळी, उकडलेली अंडी, लिंबू सरबत कमी साखरेचे. नारळाच्या वाड्यांच्या गावात शहाळे पर्यटकालाच का मिळावे? पहिले दोन महिने विक्री घटेल, तर शाळेच्या कार्यक्रमांचा खाऊ तिच्याकडून घ्यावा. पुण्यातल्या शाळेला फेरीवाले हटवता आले, कारण ते शाळेचे कुणी नव्हते. गावात तसे चालत नाही.

सरकारचे दोन हात मात्र दोन दिशांना आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हा साखरेच्या शीतपेयांवर ४० टक्के कर लागला, हे ठीक. पण त्याच वेळी बिस्किटे, चॉकलेट, शेव-फरसाण आणि झटपट नूडल्सवरचा कर पाच टक्क्यांवर आला. एका खात्याने फलक लावायचा आणि दुसऱ्याने पुडी स्वस्त करायची.

खेळाचा तास कुठे जातो?

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी असे सांगते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक सांगितला आहे, पण पट शंभराहून जास्त असेल तर. रायगडमधल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट त्याच्या खालीच असतो. तिथे गुरुजी एकच आणि त्यांनाच मतदारयादी, सर्वेक्षणे आणि निरनिराळी अ‍ॅप. त्यांच्यावर ‘लठ्ठपणा निर्मूलन’ नावाचे आणखी एक रजिस्टर टाकू नये, एवढी विनंती.

किहीमला जे मैदान आहे ते मात्र पुण्याच्या कुठल्याही शाळेकडे नाही. ओहोटीला किनाऱ्यावर लांबच लांब घट्ट वाळू मोकळी होते. वाळूवर धावणे मातीपेक्षा जास्त दमवते आणि पडले तरी लागत नाही. भरती-ओहोटीची वेळ कोळीवाड्यातले कुणीही तोंडपाठ सांगेल. आठवड्यातून दोनदा, ओहोटीच्या वेळेला जुळवून, शिक्षक आणि दोन पालक सोबत घेऊन कबड्डी, खो-खो, लंगडी. पाण्यात कुणी उतरायचे नाही, हा नियम पक्का. पावसाळ्याचे चार महिने किनारा बंद, तेव्हा व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या आणि सूर्यनमस्कार. रायगडसारख्या कबड्डीच्या जिल्ह्यात शिकवणारे माजी खेळाडू शोधायला लांब जावे लागत नाही.

मुलींचे मात्र वेगळे पाहावे लागेल. सातवी-आठवीत पाळी सुरू झाली की त्या खेळातून हळूहळू बाजूला होतात. कधी घरचे थांबवतात, कधी शाळेत स्वच्छतागृहात पाणी नसते, कधी गणवेश आड येतो. किनाऱ्यावर गर्दीसमोर धावायला त्यांना संकोच वाटू शकतो. त्यासाठी शनिवार टाळून आठवड्यातले वार निवडावेत आणि मुलींसाठी ट्रॅक पँट हाच खेळाचा गणवेश असावा. ज्यांच्या पोटी पुढची पिढी वाढणार, त्याच मुलींच्या अंगावर स्नायू नसला तर याज्ञिकांनी दाखवलेले चक्र पुन्हा फिरते.

पोषण आहाराचे काय?

शालेय पोषण आहार हा वजनाच्या प्रश्नावरचा सर्वांत मोठा कार्यक्रम आहे, फक्त त्याला तसे कुणी म्हणत नाही. पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, असे त्याचे माप. भातावर भर असलेल्या या ताटात प्रथिने वाढावीत म्हणून महाराष्ट्राने २०२३च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, सुरू केले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला. हवे तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. किहीमला लोकसहभाग मिळेलही, बंगलेवाले मदत करतील. कर्जत किंवा पेणच्या डोंगरातल्या आदिवासी वाडीवर तो कुठून येणार? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. ती मुलाला मिळावीत की नाही, हे त्याच्या गावात किती बंगले आहेत यावर ठरणे मला तरी पटत नाही.

आणि हा आहार आठवीला संपतो. नववी-दहावीत, जेव्हा भूक सर्वांत मोठी असते आणि शाळा लांबची असते, तेव्हा मुलाच्या हातात ताटाऐवजी दहा रुपये येतात. वडापावच्या गाडीचा खरा ग्राहक तोच.

मोजणारे कोण?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमध्येच सुरू झाला. त्याचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. उंची-वजन घेते. पण मूळ कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत रक्तक्षय, गलगंड, मुडदूस, तीव्र कुपोषण आहे, लठ्ठपणा नाही. पथक मोजते आणि यादीत नसलेली गोष्ट मागे राहते.

१९३० साली सलीम अली याच किहीममध्ये राहून सुगरणींची घरटी पाहत होते. नर आधी घरटे अर्धे बांधतो, मादीने पसंत केले तर पुरे करतो आणि मग दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांना कळले ते महिनोन्‌महिने रोज पाहिल्यामुळे. वर्षातून एकदा येऊन घरटी मोजली असती तर फक्त संख्या मिळाली असती. मुलाच्या वाढीचेही तसेच. एका दिवसाचे वजन फारसे बोलत नाही. दर तीन महिन्यांनी घेतलेली नोंद तक्त्यावर मांडली की रेषा वर चढते आहे की खाली घसरते आहे हे दिसते, आणि ते बारीक मुलालाही तितकेच उपयोगाचे असते. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ म्हणून नेमायचे आहेत. ही नोंद त्यांनी ठेवावी आणि रेषा वाकडी झालेल्या मुलांची नावे, वर्गात न वाचता, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावीत.

सुरुवात कुणी करायची?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. वर सांगितलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना मंत्रालयाची परवानगी लागत नाही. पडवीतल्या दुकानदार काकूंशी बोलणे, ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहिणे, काटा वर्गातून उचलून कोपऱ्यातल्या खोलीत नेणे, हे एका बैठकीत ठरू शकते. अंड्याचा निधी आणि नववी-दहावीचे जेवण या दोन मागण्या मात्र ठराव करून ग्रामपंचायतीमार्फत वर पाठवाव्या लागतील. आणि त्याच बैठकीत वेळापत्रक मागवून घ्यावे : शारीरिक शिक्षणाच्या तासापुढे कुणाचे नाव आहे, आणि गेल्या महिन्यात तो तास प्रत्यक्षात किती वेळा झाला.